ऐकणारीचे कान

आमच्या घरात हाडामांसाची माणसं तीन, आणि लांबकाने किती ते मोजायच्या भानगडीत मी कधी पडले नाही. एक मी, एक माझा नवरा, जो महिन्यातला बराचसा काळ नोकरीच्या फिरतीवर असतो, आणि एक माझे सासरे. लांबकाने सासऱ्यांचे. इतरांच्या गोष्टींमध्ये ज्यांना एल्फ म्हणतात ना, तसलेच. उंच, सडसडीत, रानावनात राहणारे आणि कधीच न मरणारे. सासऱ्यांनी त्यांची अख्खी पुराणं लिहिली आहेत. त्यांची भांडणं, त्यांच्या सोयरिकी, त्यांची नदी कुठे उगम पावते आणि कुठे गडप होते तेसुद्धा. लोक आवडीने वाचतात म्हणे. मी एकही पुस्तक पूर्ण वाचलेलं नाही आणि हे सांगायला मला लाजही वाटत नसे. दिवसभर चष्म्याच्या दुकानात उभं राहून लोकांच्या नाकांवर नि कानांवर फ्रेमी बसवायच्या, घरी येऊन स्वयंपाकाला लागायचं, आणि वर या न मरणाऱ्यांची सुखदुःखं ऐकायची? आपली मरणारी माणसं काय कमी आहेत?

ऐकायचं काम सासूबाईंचं होतं. संध्याकाळी त्या भाजी निवडायला बसायच्या आणि बाबा, म्हणजे सासरे, दिवसभरात लिहिलेली पानं त्यांना वाचून दाखवायचे. पानं संपली की आई विचारायच्या, "पुढे काय झालं?" बाबा म्हणायचे, "पुढचं उद्या." मग आई म्हणणार, "ऐकून ऐकून कान झिजले माझे, आणि तुमचं आपलं उद्याच." रोज हेच, पाठ केल्यासारखं. मी ओट्यापाशी मनात म्हणायची, काय एकेकाची हौस असते.

मग आई गेल्या. दवाखान्यात शेवटी त्यांचं बोलणं तुटक झालं होतं, तरी बाबा उशाशी बसले की विचारायच्या, पुढे काय झालं. बाबा काय उत्तर द्यायचे ते मला माहीत नाही. मी डबा ठेवायची आणि दुकानाकडे पळायची.

आईंच्या मागोमाग बाबांची नजर गेली. काचबिंदू. बरीच वर्षं लपवून ठेवला होता त्यांनी, आणि मी चष्म्याच्या दुकानात काम करणारी बाई, माझ्या घरातच मला कळलं नाही. आता यावर कोणी काही बोलायच्या आधी सांगते, मी स्वतःला पुरेसं बोलून झालेलं आहे. तर, डोळे गेल्यावर बाबा यंत्रात बोलून पुस्तक लिहायला लागले. शेवटचं पुस्तक, असं ते स्वतःच म्हणायचे. डॉक्टरांनीही हृदयाचं काही खरं नाही असं सांगितलं होतं, त्यामुळे आम्ही कोणी "असं अभद्र बोलू नका" वगैरे म्हटलं नाही.

एकदा माझा हात जरा मोकळा वाटला तेव्हा त्यांनी विचारलं, "सूनबाई, दोन पानं ऐकतेस?"

"बाबा, गॅसवर दूध आहे."

"राहू दे, राहू दे. तुझे कान हजार वर्षांनीसुद्धा दुकानातून नुकते आणल्यासारखे राहतील."

मला राग आला. पण बोलले नाही, कारण दूध खरंच होतं.

या पुस्तकाच्या चित्रांसाठी ती चित्रकारीण आमच्याकडे यायला लागली. आधीच्या पुस्तकांची चित्रंही तिचीच, पण तेव्हा ती काढून आणायची आणि बाबा बघायचे. आता बघणार कोण? म्हणून ती सामान घेऊन आमच्याच जेवणाच्या टेबलावर ठाण मांडायची. काडीसारखी पोरगी, पस्तिशीची असेल, बोटं कायम शिसपेन्सिलीने काळी. काढते त्यापेक्षा जास्त खोडते, म्हणून बाबा तिला खोडरबर म्हणायचे. ती बाबांना सर म्हणायची आणि मला ताई. टेबलावर इतका चुरा पडायचा की जेवायच्या आधी मला फडकं मारावं लागे.

तिची अडचण मला पहिल्या दिवशीच ऐकू आली, कारण ती मोठ्याने बोलते.

"सर, ही माणसं मरत नाहीत, यांना सुरकुत्या नाहीत, यांचे केस पिकत नाहीत. मग यातली आजी कोण आणि नात कोण, हे मी दाखवू कसं? सगळ्यांची उंची डोक्याच्या आठपट, सगळ्यांचे गाल गुळगुळीत. सगळी एका साच्यातली वाटतात."

बाबांनी खुर्चीच्या हातावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मरत नाहीत, पण झिजतात. पायरी झिजते ना, तशी. जिथे वापर जास्त, तिथे झीज."

तिथून त्या दोघांचं जे काही सुरू झालं त्याला तोड नव्हती. बाबांच्या लांबकान्यांचे तीन गण. पाणथळातले, ते सारखे पाण्यातून चालतात, म्हणून त्यांच्यातल्या जुन्या माणसांची पावलं पातळ आणि बोटं आखूड. कड्यांवरचे, ते दगड धरून चढतात, म्हणून त्यांचे तळहात गुळगुळीत, एक रेघ नाही. तिसरे मागे राहिलेले. बाकीचे सगळे देश सोडून निघाले तेव्हा कोणीतरी मागे राहून सगळ्यांच्या कहाण्या ऐकून ठेवायला हव्या होत्या, ते हे. यांचे कान झिजतात. पोराचे कान बोटभर लांब आणि टोकदार, आईचे त्याहून कमी, आजीचे अजून कमी. आणि सगळ्यांत जुनी जी, जिला बाबांनी नुसतं 'ऐकणारी' असं नाव दिलं होतं, तिचे कान आपल्या कानांपेक्षाही लहान आणि गोल.

मी भाजी चिरताना ऐकत होते. ऐकणारी कोण ते मला लगेच कळलं. माझ्या हातातली सुरी जरा थांबली, एवढं मात्र झालं.

खोडरबरची एक पद्धत होती. चित्र रंगवायच्या आधी ती त्या माणसाचं डोकं मातीत करायची, तारेच्या सांगाड्यावर, नारळाएवढं. दिव्यासमोर धरलं की सावली कुठे पडते ते कळतं, असं ती म्हणायची. दिवा धरायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. "ताई, थोडं डावीकडे. ताई, जरा खाली." आधीच घरचं झालं थोडं. शिवाय ती माती वाळू नये म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून डोकी माझ्या ओट्याखाली ठेवलेली. एकदा पिठाचा डबा काढायला वाकले तर फडकं सरकून कड्यावरची कुठली तरी राणी माझ्याकडे बघत होती. मी तिला म्हटलं, बाई गं, तू तरी नको बघूस.

पण बाबांना ती माती सापडली आणि त्यांचे डोळे परत आल्यासारखं झालं. ते दोन्ही हातांनी चेहरा चाचपायचे. "जबडा जड झालाय. नाक पुढे घे." ऐकणारीचं डोकं सुरू झालं तेव्हा तर ते बाकी सगळं विसरले. खोडरबर आली की आधी हात पुढे. कानाच्या पाळीवरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "अजून झिजव." ती अंगठ्याने माती काढायची. "अजून." पुन्हा थोडी. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. कान एवढेसे झाले तरी त्यांचं समाधान होईना.

"कुठेतरी चुकतंय," ते म्हणाले. "ही कोणीतरी दुसरीच बाई आहे."

खोडरबर रडकुंडीला आली होती. तिने टेबलावर कोपरं टेकून डोकं धरलं. मी दिवा धरून उभी. माझ्या तोंडून निघून गेलं, "उजवा कान खाली घे."

दोघंही माझ्याकडे वळले.

"आईंचा उजवा कान डाव्यापेक्षा खाली होता. चष्मा कायम तिरका बसायचा त्यांचा. मी दर वेळी उजवी काडी वाकवून द्यायची."

"मला कसं नाही माहीत?" बाबा म्हणाले.

"तुम्ही वाचताना कागदाकडे बघायचात."

हे मला म्हणायचं नव्हतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. पण बाबा चिडले नाहीत. खोडरबरने कान काढला, खाली बसवला, सांधा लिंपला. बाबांनी हात फिरवला. कपाळ, गाल, डावा कान, मग उजवा. तिथे त्यांचा हात थांबला आणि तिथेच राहिला.

"बस," ते म्हणाले. "आता हात लावू नकोस हिला."

मग त्यांनी मला जवळ बोलावलं आणि माझं बोट धरून त्या कानावर ठेवलं. ओली गार माती. मला एकदम आईंच्या कानामागची ती जागा आठवली, काडीने नेहमी लाल व्हायची ती. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही, कारण बघणारं कोण होतं? खोडरबरने तोंड फिरवलं होतं, ती गुणी आहे.

"मला एवढंच हवंय," बाबा म्हणाले. "ही पुस्तकावर असावी. आत नाही, वर. मुखपृष्ठावर. इतकी वर्षं पुस्तकाच्या बाहेर बसून ऐकत राहिली. मी असेपर्यंत एवढं झालं की झालं."

खोडरबरने चित्र रंगवलं. मी ते पाहिलं आहे, ते पहिलं. काळपट हिरव्या अंधारात एक चेहरा, किंचित कललेला, आणि ते दोन लहान कान, एक वर एक खाली. मला चित्रातलं काही कळत नाही. पण मी ते बघत उभी राहिले आणि दुकानात जायला उशीर झाला.

पुढे व्हायचं तेच झालं. प्रकाशकाकडे चित्रांचं सगळं बघणारा एक गृहस्थ आहे. बोलणं इतकं गोड की मी त्याला साखऱ्या म्हणते, अर्थात त्याच्या पाठीमागे. माणूस वाईट नाही, आधीच सांगते. लहानपणी बाबांची पुस्तकं पांघरुणात लपवून वाचलेला. पण एक दिवस खोडरबर बाबांच्या खोलीकडे न जाता थेट स्वयंपाकघरात आली आणि दार लोटून घेतलं.

"ताई, ते चित्र नाही म्हणाले."

"का?"

"पुस्तकांच्या दुकानदारांना दाखवलं. सगळे विचारतात, ही बाई कोण? एल्फ कुठे आहे? कान लांब नाहीत म्हणजे माणूसच ना. ते म्हणतात, कान लांब करा, चेहरा जरा तरुण करा, नाहीतर या वर्षी पुस्तक नाही. पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी. बाबा तेव्हा जिन्याच्या चार पायऱ्या चढून टेकायचे.

"मग बाबांना सांग."

"सांगितलं तर ते नको म्हणतील. म्हणतील, छापूच नका. तुम्हाला माहीत आहेत ते." ती नळाखाली हात धुवत राहिली, काळं काही जाईना. "आणि ताई, कसं सांगू, पण... त्यांना दिसणार थोडंच आहे."

हे वाक्य तिने इतक्या हळू म्हटलं की मला दुसऱ्यांदा विचारावंसं वाटलं नाही. खरं तर तेव्हाच तिला बखोटीला धरून बाहेर बसवायला हवं होतं आणि म्हणायला हवं होतं, जा, बोल त्यांच्याशी. पण मी म्हटलं, "तुझं तू बघ बाई. मला काय करायचंय त्यात?"

"तुम्ही फक्त काही बोलू नका."

"मी कशाला बोलू?"

तिने कान लांब केले. दोन्ही एका पातळीत, वर टोकदार, झाडाच्या पानासारखे. चेहऱ्यावरची ती दमलेली, ऐकत बसल्याची छटा पुसली. देखणी दिसत होती ती, खोटं कशाला बोलू. सिनेमाच्या जाहिरातीतली वाटावी अशी. साखऱ्याला तिने कळवलं की सरांना सांगितलंय, सर तयार आहेत. त्याने तिचे आभार मानले.

छपाईला जायच्या आधी मोठा नमुना आला तेव्हा ती तो घेऊन बाबांसमोर बसली. मी चहाचे कप घेऊन मागे उभी. बाबा खुर्चीत ताठ बसले होते, धुतलेला सदरा घालून. चित्र बघायला जसं कोणी तयार होऊन बसतं तसे.

"सांग," ते म्हणाले. "सावकाश सांग. काही गाळू नकोस."

आणि ती सांगायला लागली. मांडीवरच्या चित्राकडे बघत, आणि त्यात नसलेलं सगळं. हिरवट काळोख. कललेली मान. डोळे मिटलेले नाहीत, पण कशाकडे बघतही नाहीत. कान लहान, गोल, नदीतल्या गोट्यासारखे.

"उजवा?"

"खाली आहे, सर."

"हां." बाबांनी मान हलवली. मग माझ्या दिशेने चेहरा वळवला. माझी बांगडी वाजली असेल, त्यावरून त्यांना मी कळायची. "सूनबाई, तू पाहिलंस?"

"हो, बाबा."

"कशी दिसते?"

खोडरबर माझ्याकडे बघत होती. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं आणि मी त्याच्याकडे बघत होते.

"आईंसारखी," मी म्हटलं आणि कप ठेवून निघाले.

त्यानंतर बाबा जितके खूश होते तितकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. चार घास जास्त जेवायला लागले. गुणगुणायला लागले. एवढंच नाही, तर शेवटचं पुस्तक म्हणणारा माणूस, त्याला नवी गोष्ट सुचली. एका संध्याकाळी मी भाजी निवडायला बसले तर समोर येऊन बसले, खुर्ची चाचपत.

"एक सुचलंय. सगळ्या कहाण्या ऐकून संपल्या, सांगणारा कोणी उरला नाही, तेव्हा ऐकणारीने काय केलं? ती एक दिवस उठली आणि दाराशी गेली. दारात कोण उभं होतं माहीत आहे?"

"कोण?" मी विचारलं. आणि फोन वाजला, दुकानातून, कोणाची तरी फ्रेम मोडली होती. "बाबा, नंतर हं."

"नंतर," ते म्हणाले. "उद्या." आणि हसले.

उद्याही मला जमलं नाही. परवाही नाही. ते तो विषय काढायचे आणि मी म्हणायची नंतर. त्यांना घाई नव्हती. कुठून तरी वर्षं उधार मिळाल्यासारखे ते वागत होते.

पुस्तक आलं त्या दिवशी साखऱ्या स्वतः आला. कडक इस्त्री, हातात कागदात बांधलेलं पुस्तक, मागे खोडरबर. मी अर्धी रजा काढली होती. त्याने वाकून बाबांचे हात हातात घेतले.

"सर, तुमच्यासाठी एक गंमत आणली आहे. कोणालाच सांगितलं नव्हतं, चित्रकार बाईंनासुद्धा नाही." त्याने कागद सोडवला. त्याचा आवाज खरंच भरून आला होता. "मला सारखं वाटत होतं, सगळे बघतील आणि सरच नाही बघणार, हे बरोबर नाही. म्हणून मुखपृष्ठ उठावाचं छापलंय. सगळ्या प्रती. चेहरा बोटांना लागतो, सर. बघा."

मी खोडरबरकडे पाहिलं. तिच्या तोंडावरचा रंग उडाला होता. ती पुढे झाली, "सर, आधी आतला कागद..." असं काहीतरी म्हणाली, पण पुस्तक तोवर बाबांच्या मांडीवर होतं.

त्यांनी आधी दोन्ही तळवे त्यावर टेकवले. चेहऱ्यावर असं हसू होतं की मी खाली बघितलं. मग उजव्या हाताचं एक बोट निघालं. कपाळ. भुवई. नाकाचा शेंडा. गालावर ते थोडं रेंगाळलं, गाल त्यांना ओळखीचा वाटला नसावा. तिथून कानाकडे. कानाच्या खालच्या टोकापासून ते वर सरकायला लागलं, आणि जिथे थांबायला हवं होतं तिथे थांबायची तयारी त्या बोटाने केलेली मला दिसली. पण कान संपला नाही. बोट वर गेलं, अजून वर गेलं, थेट टोकापर्यंत, आणि मग टोकावरून निसटून सपाट कागदावर आलं.

बोट परत खाली आलं आणि पुन्हा तेवढंच वर गेलं. मग दुसरा कान. मग त्यांनी अंगठा एका कानाच्या मुळाशी ठेवला आणि करंगळी दुसऱ्याच्या.

"दोन्ही सारखे आहेत," ते म्हणाले.

"हो ना, सर," साखऱ्या म्हणाला. "बाईंनी तुम्हाला सांगितलंच आहे, दुकानदारांचं काय म्हणणं होतं ते. तुम्ही मोठ्या मनाने हो म्हणालात, नाहीतर पुस्तक आलंच नसतं. मी त्यांना म्हटलं, सर समजून घेतील."

बाबांनी मान हलवली. "छपाई छान झालीये," ते म्हणाले. "कागद चांगला वापरलाय." त्यांनी त्याचे आभार मानले, प्रकृतीची चौकशी केली, जिना जपून उतरा म्हणाले. वर्गात पोरांनी घाण केली तर पाहुण्यांसमोर मास्तर जसे वागतात तसे अगदी. खोडरबर उंबऱ्याशी थांबून म्हणाली, "सर, मी..." बाबा म्हणाले, "पुस्तक आलं, खोडरबर. तुला तेच हवं होतं ना? आलं." त्यात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं. ती जिन्यात रडत होती, मला ऐकू येत होतं.

मग घरात आम्ही दोघंच. मी पुस्तकाचा कागद गोळा करायला लागले.

"सूनबाई, तू पाहिलं होतंस."

"हो."

"आईंसारखी, म्हणालीस."

मी कागदाची घडी करत राहिले.

"तिचं मला समजतं. ती पुस्तकासाठी बोलली. चूक केली, पण कशासाठी केली ते कळतं." त्यांचा हात पुस्तकावरून कधीच बाजूला झाला होता. "तू कशासाठी बोललीस?"

मी पुष्कळ उत्तरं शोधली. तुम्हाला बरं वाटावं म्हणून. तुमच्या प्रकृतीसाठी. तिने विनवलं म्हणून. यातलं कुठलंही म्हटलं असतं तर चाललं असतं, माणूस समजूतदार आहे. पण त्या माणसाला आणखी एक खोटं सांगायला माझी जीभ वळेना.

"दुकानाची वेळ झाली होती," मी म्हटलं.

त्यांनी टेबल चाचपून पुस्तक त्यावर ठेवलं. मग म्हणाले, "बरं," आणि उठून भिंत धरत खोलीत गेले.

मला ते डोकं आठवलं. मी ओट्याखाली वाकले. चित्र झाल्यापासून त्याच्याकडे कोणी पाहिलंच नव्हतं, फडकं कधीचं वाळून कडक झालं होतं. फडकं माझ्याशिवाय कोण ओलं करणार होतं, ओटा माझा. मी ते सोडवलं. कपाळापासून हनुवटीपर्यंत भेग गेली होती. उजवा कान हात लावताच निघून आला, मागाहून लिंपलेला सांधा होता ना तो. मी तो पाणी लावून बसवायचा प्रयत्न केला. वाळलेली माती पाण्याने जुळत नाही, ती नुसती विरघळते. माझ्या हातात गाळ राहिला.

भांडले असते बाबा तर किती सोपं होतं. पण ते आता फारसं बोलत नाहीत. यंत्र कपाटात ठेवून दिलंय. जेवतात, औषधं घेतात, खिडकीपाशी बसतात. पुस्तक म्हणे जोरात चाललंय, दुकानांच्या काचेत मांडलंय. आमच्या दुकानाच्या वाटेवर एक आहे. मी रस्त्याच्या पलीकडून जाते. खोडरबर दोनदा येऊन गेली. दोन्ही वेळा बाबा झोपले आहेत असं सांगायला त्यांनी मला सांगितलं, आणि मी सांगितलं.

मी दुकानातून आता लवकर निघते. मालकाला स्पष्ट सांगितलंय, कोणाची फ्रेम मोडू दे नाहीतर नाक मोडू दे, मी पाचला निघणार. फोन बंद करून आतल्या खोलीत ठेवते. भाजी घेऊन बाबांच्या समोर बसते, आई बसायच्या तिथेच. भाजी निवडून होते, तरी उठत नाही. त्यांना माझी बांगडी ऐकू येते, मी आहे हे त्यांना ठाऊक असतं.

काल न राहवून मी विचारलं, "बाबा, ती उठून दाराशी गेली. पुढे काय झालं?"

त्यांनी चेहरा माझ्याकडे वळवला. खरंच आठवायचा प्रयत्न करत होते, असं वाटलं.

"कोणाचं?" ते म्हणाले.